पातेल्याचा धातू, सायकलीची फ्रेम

पावसाळ्यातील एका रविवारी सकाळी माझा एक विद्यार्थी आपली सायकल हाताने ढकलत घरी आला. मुलगा मुलुंडचा, इयत्ता अकरावी, कॉलेज घाटकोपरला. जाताना १२ किलोमीटर आणि येताना १२ किलोमीटर असा त्याचा रोजचा प्रवास सायकलवरच होत असे. सायकल होती ॲल्युमिनियमच्या फ्रेमची, बारीक टायरांची आणि खाली वळलेल्या हँडलची. वर्षभर पैसे साठवून त्याने ती जुनी विकत घेतली होती.

“सर, जोर लावला की कर्रकर्र आवाज येतो. चेनला तेल दिलं, पेडल घट्ट केलं, तरी जात नाही.”

सायकल उलटी ठेवून आम्ही ती फडक्याने स्वच्छ पुसली. पेडलांचा आस ज्या आडव्या नळीतून जातो, तिला फ्रेमची खालची तिरपी नळी जोडलेली असते. त्या सांध्याजवळ रंगावर केसाएवढी काळी रेघ दिसत होती. तो नुसता ओरखडा असेल, नाहीतर तडा असेल. हे ठरवायची एक जुनी युक्ती आहे. पूर्वी रेल्वेच्या कारखान्यांतही ती वापरत. रेघेवर पातळ तेल लावायचे, थोडा वेळ थांबायचे, तेल पूर्ण पुसून टाकायचे आणि वर खडूची बारीक भुकटी भुरभुरायची. नुसता ओरखडा असेल तर भुकटी पांढरीच राहते. तडा असेल तर आत शिरलेले तेल हळूहळू बाहेर येते आणि भुकटीवर ओली रेघ उमटते.

दहा मिनिटांनी रेघ उमटली, सुमारे दोन सेंटिमीटर लांबीची.

मुलाचा चेहरा पडला, पण लगेच तो म्हणाला, “बाबा म्हणतात, कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊ. दोन-तीनशे रुपयांत काम होईल. आणि सर, एक विचारू? हा पातेल्याचाच धातू ना? आमच्या घरचं पातेलं नुसत्या सांडशीनं वाकतं. मग त्याच धातूची सायकल माझं वजन पेलते तरी कशी?”

प्रश्न दोन होते, पण दुसऱ्याचे उत्तर सापडल्याशिवाय पहिल्याचे देता येत नव्हते. म्हणून आधी दुसऱ्याकडे वळू या.

मऊ धातू कठीण कसा होतो?

ॲल्युमिनियम पृथ्वीच्या कवचात विपुल आहे. आपल्या कोल्हापूर आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील तांबड्या जांभ्याच्या प्रदेशात त्याचे खनिज, म्हणजे बॉक्साइट, सापडते. परंतु ऑक्सिजनशी त्याची मैत्री इतकी घट्ट, की त्यापासून धातू वेगळा काढणे फार कठीण होते. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी, एकमेकांना न ओळखता, विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम काढण्याची एकच रीत शोधली आणि हा महागडा धातू स्वस्त झाला.

स्वस्त झाला, पण होता मऊच. धातूमध्ये अणूंचे थर एकावर एक रचलेले असतात. पत्त्यांच्या नव्या कोऱ्या गड्डीतील पत्ते जसे सहज घसरतात, तसे शुद्ध ॲल्युमिनियममधील थर एकमेकांवरून सहज घसरतात. म्हणून पातेल्याचा काठ वाकतो. आता त्याच पत्त्यांमध्ये चिमूटभर बारीक वाळू पसरली तर? पत्ते अडकतील, घसरणार नाहीत.

धातूत ही ‘वाळू’ कशी पसरायची, हे १९०६ च्या सुमारास जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना प्रयोग करता करता सापडले. तांबे व मॅग्नेशियम मिसळलेले ॲल्युमिनियम तापवून त्यांनी पाण्यात विझवले. पोलाद असे विझवले की ताबडतोब कठीण होते. हा मिश्रधातू तसा झाला नाही. मात्र काही दिवस नुसता पडून राहिल्यावर तो आपोआप कठीण झालेला आढळला! पुढे ‘ड्युरॅल्युमिन’ या नावाने तो विमानांत गेला.

सायकलींसाठी बहुधा ६०६१ या क्रमांकाचा मिश्रधातू वापरतात. त्यात सुमारे १ टक्का मॅग्नेशियम आणि त्याहून थोडे कमी सिलिकॉन असते. फ्रेमच्या नळ्या जोडून झाल्यावर संपूर्ण फ्रेम सुमारे ५३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. गरम पाकात साखर विरघळावी तसे मॅग्नेशियम व सिलिकॉन धातूत विरघळतात. मग फ्रेम एकदम थंड करतात, म्हणजे त्यांना वेगळे व्हायला सवडच मिळत नाही. शेवटी सुमारे १७५ अंशांवर ती काही तास ठेवतात. आता मॅग्नेशियम व सिलिकॉन यांच्या संयुगाचे अतिसूक्ष्म कण सर्वत्र तयार होतात. हीच ती पत्त्यांमधील वाळू! या संस्कारानंतर हा मिश्रधातू मऊ स्थितीतील शुद्ध ॲल्युमिनियमपेक्षा सुमारे ८ पट ताण सोसून मग वाकतो.

तेव्हा पातेले आणि सायकल यांचा धातू एका कुळातला खरा, पण दोघांवरचे संस्कार वेगळे. हे ‘संस्कार’ लक्षात ठेवा. वेल्डिंगच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

नळी जाड का दिसते?

पोलादाच्या जुन्या सायकलीशेजारी ॲल्युमिनियमची सायकल उभी केली, तर एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. हलक्या सायकलीच्या नळ्याच अधिक जाडजूड दिसतात. असे का?

पोलादाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ७.८५ ग्रॅम, तर ॲल्युमिनियमची २.७ ग्रॅम. म्हणजे वजन जवळजवळ एक तृतीयांश. पण निसर्ग फुकट काही देत नाही. यंगचा गुणांक, म्हणजे धातू ताणाला किती विरोध करतो त्याचे माप, पोलादासाठी सुमारे २०० आणि ॲल्युमिनियमसाठी सुमारे ७० गिगापास्कल आहे. हाही साधारण एक तृतीयांशच! तेव्हा त्याच मापाच्या नळ्या नुसत्या ॲल्युमिनियमच्या केल्या, तर सायकल हलकी होईल, पण तिप्पट लवचीकही होईल.

येथे भूमिती मदतीला येते. पातळ भिंतीच्या नळीचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या प्रमाणात आणि भिंतीच्या जाडीच्या प्रमाणात असतो. तिचे वजन मात्र व्यास आणि जाडी यांच्या साध्या गुणाकारावर ठरते. समजा, नळीचा व्यास दुप्पट केला आणि भिंतीची जाडी निम्मी केली. वजन २ × ½ = १, म्हणजे तेवढेच राहिले. विरोध ८ × ½ = ४, म्हणजे चौपट झाला! धातू तोच, वजन तेच. बदलला तो फक्त आकार.

कृती १. वहीचे दोन सारखे कागद घ्या. एकाची पेन्सिलीएवढी बारीक सुरळी करा, दुसऱ्याची सुमारे तीन सेंटिमीटर व्यासाची. कडा डिंकाने चिकटवा. दोन पुस्तकांमध्ये अंतर ठेवून सुरळ्या त्यांवर आडव्या ठेवा. मध्यभागी दोऱ्याने डबी टांगून तिच्यात एकेक नाणे टाकत जा आणि कोणती सुरळी किती वाकते ते पाहा. नंतर आणखी रुंद सुरळी करून पाहा. ती वाकण्याऐवजी दोऱ्याखाली एकदम चेपेल. म्हणजे व्यास वाढवण्यालाही मर्यादा आहे. भिंत फार पातळ झाली की रिकाम्या डब्याला पडतो तसा पोचा पडतो.

अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात काही कारागिरांनी मोठ्या व्यासाच्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या फ्रेम बनवायला सुरुवात केली. पुढे हीच रीत रूढ झाली आणि एकेकाळी शर्यतपटूंपुरती असलेली ही सायकल विद्यार्थ्यांच्याही आवाक्यात आली.

हलकेपणाची खरी किंमत

“सर, अजून हलकी सायकल घेतली तर?” हा प्रश्न सर्व मुले विचारतात. त्याचे उत्तर गणित मांडूनच देऊ.

मुंबई–पुणे सायकल शर्यत तुम्हांला ठाऊक असेल. तिच्यात बोरघाटाची चढण सर्वांत आधी पार करणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत उंचीतील फरक सुमारे ५५० मीटर आहे. ६० किलो वजनाचा मुलगा ११ किलोच्या ॲल्युमिनियमच्या सायकलवरून हा घाट चढला, तर गुरुत्वाविरुद्ध करावे लागणारे कार्य असे :

७१ × ९.८ × ५५० = सुमारे ३,८३,००० जूल.

पाववाल्याकडे असते तशी पोलादाची सायकल सुमारे २० किलो भरते. ती घेऊन तोच मुलगा चढला, तर :

८० × ९.८ × ५५० = सुमारे ४,३१,००० जूल.

तो सतत १२० वॅट शक्ती लावत असेल, तर पहिल्या सायकलवर सुमारे ५३ मिनिटे लागतील आणि दुसरीवर ६०. (वारा व घर्षण आपण येथे सोडून दिले आहे.) सात मिनिटांचा फरक म्हणजे शर्यतीत फार मोठा फरक!

आता ११ ऐवजी १० किलोची सायकल घेऊ. वाचले ५,३९० जूल, म्हणजे ४५ सेकंद. तेही संपूर्ण बोरघाट चढल्यावर! या एका किलोसाठी दुकानात कित्येक हजार रुपये जादा मोजावे लागतात. शर्यतपटूला ते परवडतील. कॉलेजला जाणाऱ्या मुलाने मात्र आधी विचार करावा. शिवाय भरल्या दप्तराचे वजन सहज तीन-चार किलो असते, हेही विसरू नये.

सपाट रस्त्यावर शत्रू कोण?

मुलुंड ते घाटकोपर हा रस्ता काही घाट नव्हे. सपाट रस्त्यावर ताशी २५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर वेगाने जाताना शक्ती कोठे खर्च होते, याचा अंदाजी हिशेब पाहा :

ताठ बसून हवा कापण्यासाठी : सुमारे ११८ वॅट
खालचे हँडल धरून, वाकून हवा कापण्यासाठी : सुमारे ७९ वॅट
टायरांत योग्य हवा असताना त्यांच्या घर्षणासाठी : सुमारे २४ वॅट
टायर मऊ पडले असताना : सुमारे ४९ वॅट
सायकल ९ किलोने जड असल्याबद्दल : अवघे ३ वॅट

हे आकडे पुन्हा एकदा वाचा. ज्या वजनासाठी आपण दुकानात इतकी चौकशी करतो, त्याचा सपाटीवरचा वाटा सर्वांत लहान आहे. बसण्याची पद्धत सुमारे ३९ वॅट वाचवते आणि हवा भरण्याचा पंप सुमारे २५! वळलेल्या हँडलचा उपयोग ऐट दाखवण्यासाठी नसून शरीर वाऱ्याच्या वाटेतून बाजूला करण्यासाठी आहे. अर्थात गर्दीत, सिग्नलजवळ किंवा बसच्या मागे मान खाली घालून कधीही चालवू नये. तेथे हात ब्रेकवर आणि नजर पुढे हवी.

म्हणून चांगली सायकल निवडताना पहिला प्रश्न वजनाचा नसावा. फ्रेम आपल्या उंचीला योग्य आहे काय? चाके सरळ फिरतात काय? ब्रेक नीट लागतात काय? थोडे रुंद, २८ ते ३२ मिलिमीटरचे टायर बसण्याइतकी जागा आहे काय? मडगार्ड आणि कॅरियर लावायला भोके आहेत काय? या प्रश्नांची उत्तरे ‘होय’ असली, तर स्वस्त सायकलही चांगली ठरते. नसली, तर महाग सायकलही महागच पडते.

कृती २. टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर पाटीचा ओला खडू किंवा पाण्यात कालवलेला रंग लावा. आलेखाचा कागद मागच्या चाकाखाली ठेवा. मित्राला सायकल धरायला सांगून सीटवर बसा आणि अलगद उतरा. उमटलेल्या ठशातील चौकोन मोजून क्षेत्रफळ काढा. मुलगा व सायकल मिळून ७१ किलो असतील आणि मागच्या चाकावर त्यातील सुमारे ४२ किलो येत असतील, तर बल सुमारे ४१२ न्यूटन होईल. टायरातील दाब ८० पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे सुमारे ५५० किलोपास्कल असेल, तर क्षेत्रफळ साधारण ७.५ चौरस सेंटिमीटर यावे. म्हणजे एवढा मोठा मुलगा मागे जेमतेम एका मोठ्या टपाल तिकिटाएवढ्या जागेवर तोललेला असतो! हवा कमी करून प्रयोग पुन्हा करा. (टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेपेक्षा जास्त हवा भरू नका.) हवा फार कमी झाली, की खड्ड्याची कड ट्यूबला रिमवर चिमटते आणि जवळजवळ दोन भोके पडतात. सायकलवाला अशी ट्यूब पाहताच ओळखतो, की हवा कमी होती.

पाऊस आणि खारी हवा

आपल्या उपनगरांत चार महिने पाऊस, आणि एका बाजूला समुद्र तर दुसऱ्या बाजूला खाडी. लोखंड येथे लवकर गंजते. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो, सुटून पडतो आणि आतले लोखंड पुन्हा उघडे करतो. ॲल्युमिनियमचेही ऑक्सिडीकरण होते, अगदी क्षणार्धात! परंतु त्याच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धातूला घट्ट चिकटून राहतो व आतल्या धातूचे रक्षण करतो. म्हणून ॲल्युमिनियमची फ्रेम तांबूस होत नाही.

रिमच्या बाबतीत हा धातू आणखी एक उपकार करतो. जुन्या सायकलींच्या मुलामा दिलेल्या चकचकीत पोलादी रिमवर पाणी पडले, की ब्रेकचे रबर नुसते घसरते. ओल्या ॲल्युमिनियमच्या रिमवर रबराची पकड पुष्कळच चांगली राहते. तरीही कोरड्या रस्त्याच्या मानाने थांबायला जास्त अंतर लागतेच. तेव्हा पावसात ब्रेक आधीपासून हलके दाबावेत, म्हणजे रिमवरचे पाणी पुसले जाते. रबरात अडकलेली वाळू रिमला घासते, म्हणून आठवड्यातून एकदा रबर आणि रिम दोन्ही धुवावेत.

पण ॲल्युमिनियम गंजतच नाही, असे समजू नका. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना टेकले, की एक छोटा विद्युतघट तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजू लागते.

कृती ३. पेल्यात मिठाचे पाणी घ्या. त्यात एका बाजूला ॲल्युमिनियमच्या कागदाची घडी आणि दुसऱ्या बाजूला घासलेला लोखंडी खिळा बुडवा. दोन्ही एकमेकांना टेकू देऊ नका. शाळेच्या प्रयोगशाळेतील मल्टिमीटर मिलिव्होल्टवर लावून दोन्हींना जोडा. मीटर विभवांतर दाखवील. तोच घट पावसाळ्यात तुमच्या सायकलीत, सीटची दांडी आणि फ्रेम यांच्यामध्ये, घामाच्या व पावसाच्या पाण्याने तयार होतो. दोन-तीन वर्षे लक्ष दिले नाही, तर दांडी फ्रेममध्ये अशी धरून बसते की काही केल्या निघत नाही. उपाय सोपा आहे. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर दांडी बाहेर काढा, पुसा आणि ग्रीस लावून परत बसवा. खर्च दहा रुपयांचाही नाही.

धातूलाही थकवा येतो

आता आपण त्या तड्याकडे येऊ.

कृती ४. कागद अडकवायची तारेची क्लिप सरळ करा आणि एकाच जागी पुढेमागे वाकवा. एकदा वाकवल्याने ती तुटत नाही. पाचदहा वेळा किंवा थोडे अधिक वाकवल्यावर मात्र हलक्या हातानेही तुटते. सोसण्याजोगा ताणही पुन्हा पुन्हा दिला तर धातू तडकतो. यालाच धातूची श्रांती म्हणतात. (तुटलेल्या टोकापासून बोटे जपा.)

क्लिपला आपण फार वाकवले. सायकलीला त्या मानाने फारच थोडा ताण बसतो, पण किती वेळा! पेडले मिनिटाला ८० फेरे घेत असतील, तर तासाला ४,८०० फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात डावा आणि उजवा असे दोन पाय जोर लावतात, म्हणजे ९,६०० वेळा. रोज एक तास, वर्षाचे ३०० दिवस धरले, तर २८,८०,००० वेळा!

येथे पोलाद आणि ॲल्युमिनियम यांच्या स्वभावातील मोठा फरक दिसतो. पोलादाला एक मर्यादा असते. ताण तिच्या खाली राहिला, तर कितीही आवर्तने झाली तरी साधारणतः तडा जात नाही. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. ताण जितका कमी, तितके आयुष्य लांब, पण आयुष्य अमर्याद नव्हे. म्हणूनच अभियंते ॲल्युमिनियमच्या नळ्या रुंद ठेवतात, सांध्याजवळ भिंत जाड ठेवतात आणि ताण इतका खाली आणतात की नीट वापरलेली फ्रेम कित्येक वर्षे टिकते.

हा धडा जगाने फार मोठी किंमत देऊन शिकला. घाटकोपरच्या गच्च्यांवरून विमाने विमानतळाकडे खाली उतरताना तुम्ही पाहिली असतील. त्यांतील अनेकांचे सांगाडे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचे असतात. १९५४ साली ‘कॉमेट’ जातीची दोन जेट विमाने इटलीजवळ, एक जानेवारीत आणि एक एप्रिलमध्ये, आकाशातच फुटली. कारण शोधण्यासाठी इंग्लंडमध्ये फार्नबरो येथे अख्खे विमान पाण्याच्या टाकीत ठेवले आणि उड्डाणात बसतो तसा दाब त्याला पुन्हा पुन्हा दिला. आधीची खरी उड्डाणे धरून सुमारे ३,००० उड्डाणांइतके दाब सोसल्यावर त्याचे कवच फाटले. वरून धडधाकट दिसणारा धातू आतून थकला होता. तेव्हापासून विमानांची ठरावीक काळाने तडे शोधण्यासाठी तपासणी होते.

सायकलीची तपासणी करायला टाकी लागत नाही. फडके, बॅटरी आणि दर रविवारची पंधरा मिनिटे पुरतात. हँडलखालचा सांधा, पेडलांजवळचा सांधा, सीटखालचा सांधा आणि मागचे चाक जेथे बसते ती जागा, ही चार ठिकाणे पाहावीत. नवा आवाज, रंगावरची नवी रेघ किंवा रंगाला आलेली सुरकुती दिसली, तर खडूची परीक्षा घ्यावी. शंका फिटेपर्यंत त्या सायकलवर बसू नये.

मग वेल्डिंग का नको?

तड्याभोवतीचा रंग आम्ही अलगद खरवडला. आत एक उथळ पोचा होता. पूर्वी कधीतरी त्या नळीवर मोठा आघात झाला असावा. वरून नवा रंग दिल्यामुळे तो झाकला गेला होता. आघाताच्या जागी ताण एकवटला आणि तेथूनच तडा सुरू झाला.

मुलाच्या वडिलांनाही मी बोलावून घेतले. ते म्हणाले, “सर, माझ्या जुन्या सायकलीचा सांधा तुटला होता, तो मी गॅसवर जोडून घेतला. वीस वर्षं झाली, अजून चालते.”

त्यांचे म्हणणे खरे होते, कारण ती सायकल साध्या पोलादाची होती. तापवल्याने साध्या पोलादाचे फारसे बिघडत नाही. या फ्रेमचे बळ मात्र संस्कारात होते. ॲल्युमिनियम सुमारे ६५० अंशांना वितळते. वेल्डिंगवाला सांधा वितळवील, तेव्हा शेजारच्या पट्ट्यातील ते सूक्ष्म कण मोठे होतील किंवा विरघळून जातील. पत्त्यांमधली वाळूच नाहीशी होईल! तेथील धातूचे बळ निम्म्याच्या आसपास उतरेल. कारखान्यात सांधे जोडल्यावर पूर्ण फ्रेम पुन्हा तापवून, विझवून तयार करतात. कोपऱ्यावरच्या दुकानात तशी भट्टी नसते. बाहेरून सांधा भरलेला व मजबूत दिसेल, आणि एखाद्या दिवशी उतारावर, मागून ट्रक येत असताना, त्याच्या शेजारीच फ्रेम तुटेल.

वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे दोन-तीनशे रुपये वाचवायला गेलो असतो, आणि...” वाक्य त्यांनी पुरे केले नाही.

चाके, ब्रेक, हँडल, चेन, सीट हे सारे उत्तम स्थितीत होते. ते काढून जपून ठेवले. फ्रेम भंगारात देण्यापूर्वी मुलाने करवतीने तिची तिरपी नळी आरपार कापली. “नाहीतर कोणीतरी परत रंगवून विकेल, सर,” तो म्हणाला. मला त्याचा हा विचार फार आवडला. भंगारातील ॲल्युमिनियम वाया जात नाही, हेही त्याला सांगितले. खनिजापासून नवा धातू काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे ५ टक्क्यांत जुना धातू वितळवून पुन्हा वापरता येतो.

नवी फ्रेम घ्यायला चार महिने लागले. तोवर तो वडिलांच्या वीस किलोच्या पोलादी सायकलवरून घाटकोपरला जात होता. रोजची वेळ वहीत लिहीत होता. चार महिन्यांची सरासरी काढून त्याने मला वही दाखवली. जड सायकलवर एका फेरीला सहा मिनिटे जास्त लागत होती. “सर, यातली बरीचशी वाऱ्याची आहेत, वजनाची नाहीत,” तो म्हणाला.

नवी फ्रेमही त्याने ॲल्युमिनियमचीच घेतली, साधी आणि मध्यम किमतीची. मडगार्डची भोके आहेत की नाहीत, हे मात्र त्याने दुकानदाराला सर्वांत आधी विचारले.

स्वाध्याय

१. नळीचा व्यास दीडपट केला आणि भिंतीची जाडी तेवढीच ठेवली, तर वजन किती पट होईल? वाकण्याला होणारा विरोध किती पट होईल?

२. सेकंदाला ७ मीटर वेगाने जाणारी सायकल एका फेरीत ४० वेळा थांबते आणि पुन्हा वेग घेते. सायकल ९ किलोने जड असेल, तर या थांबण्यामुळे किती जूल ऊर्जा जादा खर्च होईल?

३. तुमच्या घरातील ॲल्युमिनियमच्या पाच वस्तूंची यादी करा. त्यांतील कोणत्या मऊ आणि कोणत्या ताठ आहेत? ताठपणा धातूमुळे आला आहे की आकारामुळे?

४. पाववाला रोज सायकलवरून मोठे ओझे नेतो. त्याच्यासाठी पोलादाची जड सायकल अधिक योग्य का, याची तीन कारणे लिहा.

५. आपल्या वर्गातील सर्व सायकलींची चार ठिकाणी तपासणी करा आणि नोंदतक्ता शिक्षकांना दाखवा. शंका वाटेल तेथे खडूची परीक्षा घ्या.